धुळ्याचं वाग्देवता मंदिर: जुनं बाड तिथे द्यावं का?

प्रश्न: आजोळच्या माळ्यावर लाल रुमालात बांधलेलं हस्तलिखित सापडलं. शिवण आखूड बाजूला, पानं वरच्या अंगाला उलटतात. अभंग, मधेच खोकल्याचा काढा, मग उसनवारीचा हिशोब! शेवटी 'जय जय रघुवीर समर्थ'. मामा म्हणतो धुळ्याला वाग्देवता मंदिरात देऊन टाक. इतिहाससंशोधक राजवाड्यांचं संग्रहालय तेच का?

उत्तर १: नाही हो. आम्ही धुळेकरसुद्धा रिक्षावाल्याला चुकीचं सांगतो. राजवाडे संशोधन मंडळ 1927चं, राजवाडे गेल्यानंतरचं. वाग्देवता मंदिर, म्हणजे रामदासी हस्तलिखितांचा संग्रह, नानासाहेब देवांचं. शंकर श्रीकृष्ण देव, पेशाने वकील. 1893 साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि जन्मभर रामदासी मठ पालथे घातले. डोमगावच्या मठातली, समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची प्रत धरून 1905 साली दासबोध छापला, तो त्यांनीच. मठातली पोथी देव्हाऱ्यात असायची, तिला रोज गंध-फूल. ती मठपतीकडून मागून आणायची म्हणजे कोर्टात अशील सांभाळण्याहून अवघड काम! समर्थांच्या हातचं म्हणून वाल्मीकी रामायण दाखवतात, ते इथेच.

पण माझा जीव बाडांवर, म्हणजे अशा शिवलेल्या हस्तलिखित वह्यांवर. तुमच्याकडे आहे ते बाडच. रामदासी बुवा गावोगाव हिंडायचा, आवडलं ते बोरूने उतरवून घ्यायचा, म्हणून करुणाष्टकाशेजारी काढा. अभ्यासक आजही 'धुळे बाड क्रमांक अमुक' असाच हवाला देतात. एखादं पद छापील गाथेत नसतं, बाडात सापडतं. हिशोबाचं पान फाडू नका, त्यावर शक, म्हणजे शके अमुक असं साल, असेल तर सोनं आहे.

उत्तर २: द्यायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. आणि कृपा करून चिकटपट्टी लावू नका. आमच्या घरच्या पोथीला काकांनी प्रेमाने लावली होती. दहा वर्षांनी पट्टी पिवळी पडली, सोलली तर अक्षरं तिच्यासोबत आली.

उत्तर १: अगदी! लॅमिनेशनही नको. जुना धुतलेला सुती रुमाल बरा.

प्रश्नकर्ता: हिशोबाच्या पानावर शके 1712 आहे, खाली 'बाजरी दोन पायली, येणे'. मामाला वाचून दाखवलं. आता तो म्हणतो, आधी बाजरी वसूल करू, मग धुळ्याला जाऊ.