ऑटोमॅटिक गाडी घरच्या घरी मॅन्युअल करता येईल का? (एएमटी, बजेट 25 हजार)

कुंभार्लीकर
नमस्कार मंडळी. गाडी 2017 ची, 1 लिटर पेट्रोल, एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन), 81 हजार किमी. नाव मुद्दाम लिहीत नाही, चर्चा कंपनीवर जायला नको.
गेल्या महिन्यात कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाटात ऐन वळणावर गाडी आपोआप न्यूट्रलला गेली आणि गिअर पडेचना. डिस्प्लेवर एन लुकलुकतोय, मागे भरलेला ट्रक, शेजारी सत्तरीची आई. हँडब्रेक ओढला, उतरून चाकामागे दगड लावला. दहा मिनिटांनी गिअर आपणहून पडला. त्यानंतर अजून दोनदा तेच. वर्कशॉपने अ‍ॅक्च्युएटर (क्लच-गिअर चालवणारं मशीन) बदलायचे 64 हजार सांगितलेत.
एएमटीत गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलसारखाच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं मशीन करतं. मग ते मशीन काढून क्लच पेडल आणि गिअरचा दांडा बसवला तर? माझ्याकडे गोटीपान्यांचा सेट, ट्रॉली जॅक, दोन घोड्या (उचललेल्या गाडीखाली लावायचे स्टँड) आणि शेड आहे. मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, बाईकची इंजिनं घरी उघडलीत. बजेट 25 हजार, वर एक रुपया नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

जुना_पाना
विका आणि मोकळे व्हा. मी 2019 मध्ये डिझेल मॅन्युअल सेडान घेतली, साडेसात लाखांत. आजपर्यंत 1 लाख 40 हजार किमी, क्लच प्लेट अजून ओरिजिनल. आंबा, फोंडा, आंबोली, सगळे घाट केले. गाडी आपल्या हातात हवी.

मिशिगनवासी
मी केलंय, स्वतःच्या गॅरेजमध्ये. 1991 ची मस्टँग, 5 लिटर व्ही 8. चार गिअरचा एओडी ऑटोमॅटिक काढून टी 5 मॅन्युअल गिअरबॉक्स बसवला. टॉर्क कन्व्हर्टर (या ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) आणि फ्लेक्सप्लेट काढायची, फ्लायव्हील लावायचं (या इंजिनाला 50 औंस बॅलन्सचंच लागतं, जुन्या इंजिनांचं 28 औंसवालं लावलं तर सगळी गाडी थरथरते), क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग ठोकायचं, पेडल असेंब्ली बदलायची, न्यूट्रल सेफ्टी स्विचची वायर जोडायची. चार शनिवार-रविवार लागले. पार्ट 2200 डॉलरचे. पहिल्यांदा क्लच सोडून गाडी गल्लीबाहेर काढली तो दिवस मी विसरणार नाही. जरूर करा!

पुण्याची_स्वाती
मला मॅन्युअलचं हे प्रेम कळत नाही. माझा डावा गुडघा कामातून गेला तो हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून. ऑटोमॅटिक घेतल्यापासून संध्याकाळी घरी आल्यावर जिना चढता येतो. दुरुस्त करा, बदलू नका.

जुना_पाना
ताई, हिंजवडी म्हणजे घाट नव्हे.

पुण्याची_स्वाती
आणि घाट म्हणजे रोजचं ऑफिस नव्हे. त्यांनी आईला घेऊन फिरायचंय, त्यात पाय दुखणं आलंच.

टूलरूम_भोसरी
मस्टँगचं उदाहरण इथे लागू नाही. एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट सगळं आधीपासून आहे. आम्ही मित्राच्या गाडीला हे केलं, म्हणून नीट लिहितो.
गिअरबॉक्सवरचा अ‍ॅक्च्युएटर काढून तिथे दांडा जोडायचा नाद सोडा. सिलेक्टरची वरची बाजू वेगळी असते, काही मॉडेलला केसिंगही वेगळं. मॅन्युअल व्हेरियंटचा अख्खा जुना गिअरबॉक्स घ्या. सोबत पेडल ब्रॅकेट, क्लच केबल, दांडा आणि त्याच्या दोन केबली, रिव्हर्स लाइटचा स्विच. ब्रेकचं पेडलही बदलावं लागतं, एएमटीचं रुंद असतं. फायरवॉलला क्लच केबलचं भोक बहुतेक वेळा रबरी बूच लावून तयार असतं.
एवढं दोन दिवसांत झालं. मग गाडी सुरूच होईना. इंजिनाचा ईसीएम (कॉम्प्युटर) गिअरबॉक्सच्या कंट्रोलरचा सिग्नल शोधतो. तो मिळाला नाही की स्टार्टर फिरत नाही, आणि बायपास करून फिरवला तर चेक इंजिनचा दिवा जात नाही. म्हणजे मॅन्युअलचा ईसीएम हवा, आणि तो घेतला की किल्लीचं कोडिंग परत करायला हवं. आमचे तीन आठवडे त्यातच गेले. पार्ट नाना पेठेतून आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जमवले, एकूण 41 हजार. तुमच्या 25 मध्ये बसणार नाही.
आणि अ‍ॅक्च्युएटर उघडणार असाल तर आधी स्कॅनर लावून तेलाचा दाब उतरवा. पंप बंद असला तरी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दाब साठलेला असतो.

घाटवाट
विकून टाका. वर कोणीतरी म्हटलंच आहे.

सातारकर_वकील
तांत्रिक बाजू झाली, कायद्याची कोणी बघणार का? मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलंय. आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 182अ सांगतं की परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर व्हेरियंट लिहिलेलं असतं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघेल.

जुना_पाना
गावाकडे कोण बघतंय आरसी.

सातारकर_वकील
अपघातानंतर सगळे बघतात. माझ्याकडे येणारे निम्मे लोक हेच म्हणत असतात.

रत्नांग्रीचो
कायद्याचं राहू द्या, घोड्यांचं बोला. मी जॅकवर गाडी ठेवून गिअरबॉक्स उतरवत होतो, जॅक बसला. गिअरबॉक्स छातीवर येता येता हात आडवा गेला म्हणून वाचलो. उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण वळत नाहीत. मातीच्या जमिनीवर करणार असाल तर घोडीखाली फळी टाका आणि एकट्याने करू नका.

बॅटरीवाला_नाशिक
गिअरबॉक्स उतरवायच्या आधी चार गोष्टी बघा, मग बोला. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर बॉनेटखालून पंपाचा बारीक आवाज येतो ना? तो किती वेळ चालतो? बॅटरी किती जुनी? ब्रेक दाबल्यावर मागचे लाइट दर वेळी लागतात का? (ब्रेक स्विच गेला तरी एएमटी गिअर घेत नाही.) आणि मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी गिअरबॉक्सच्या बॉडीला लावून पंप चालू असताना व्होल्टेज वाचा. 0.2 च्या वर आलं तर अर्थिंग खराब, मग पंपाला पूर्ण करंट मिळत नाही, तेलाचा दाब कमी पडतो आणि गिअर पडत नाही.

मिशिगनवासी
फोटो टाकतोय मस्टँगचे, बघा शिफ्टर कसा बसलाय.

कुंभार्लीकर
नाशिकच्या दादांनी सांगितलं तसं आज केलं. दार उघडल्यावर पंप अकरा सेकंद चालतो, तोही कण्हल्यासारखा. मल्टिमीटरवर 1.1 व्होल्ट! बॅटरीचा ट्रे काढला तर खाली गिअरबॉक्सला जाणारी अर्थची पट्टी. बोल्टभोवती हिरवा मोरचूद साचलेला, पट्टी हातात घेतली तर अर्ध्या तारा तुटलेल्या. आमच्याकडच्या पावसाने खाल्ली. नवी पट्टी 180 रुपये. जागा सँडपेपरने पांढरी करून घट्ट केली, वर व्हॅसलीन. आता पंप चार सेकंदांत बंद होतो. दादा, तुमचे उपकार आहेत.

पुण्याची_स्वाती
बघा! मी पहिल्यापासून म्हणत होते, दुरुस्त करा.

टूलरूम_भोसरी
उत्तम. ऑईलची पातळी बघून क्लचचं लर्निंग (कंट्रोलरला क्लच कुठे धरतो ते नव्याने शिकवणं) करून घ्या, अजून चार वर्षं चालेल.

घाटवाट
आता मात्र विकू नका.

जुना_पाना
खरंय, आता ठेवा.

कुंभार्लीकर
मंडळी, तीन आठवडे झाले. साडेसहाशे किमी चालवली, दोनदा घाट केला, एकदाही गिअर सुटला नाही. तरी काल गाडी विकली. आई त्या वळणाआधी दाराची मूठ घट्ट धरते आणि पुढचं गाव येईपर्यंत एक शब्द बोलत नाही. पट्टीचं समजावून सांगितलं, ती हो म्हणते, पण मूठ सोडत नाही. गाडी ओळखीच्या एका शिक्षकांनी घेतली, त्यांचं फिरणं गावापुरतं. वर्कशॉपचा कागद आणि तुटकी पट्टी दोन्ही त्यांना दाखवली, 2 लाख 55 हजार ठरले. त्यात 2014 ची त्याच आकाराची मॅन्युअल 2 लाख 40 ला मिळाली. क्लच फार वर धरतोय, आधी केबल अ‍ॅडजस्ट करून बघेन, नाही जमलं तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही. म्हणजे गिअरबॉक्स शेडमध्येच उतरवायचाय.

रत्नांग्रीचो
कधी उतरवणार ते कळवा. रविवार असला तर मी येतो, माझ्याकडच्या दोन घोड्या पण आणतो.