अनुभव धागा: व्यसन, आपली मुलं आणि डॉक्टर

पाऊलवाट:
काल मेडिकलमध्ये माझ्या पुढे कॉलेजातला एक मुलगा होता. खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या मागत होता, मुठीत चुरगळलेली नोट. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तसा निघून गेला. घरी येईपर्यंत मला दादाच दिसत राहिला.

१९८८ साल, पुणे. गादी उन्हात टाकताना आईला सिगारेटच्या पाकिटातली चांदी सापडली, खालून जळून काळी झालेली. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हा शब्द आम्हाला फॅमिली डॉक्टरांकडून कळला. त्यांनी आईला बाहेर बसवलं आणि दादालाच विचारलं, "कधीपासून घेतोस? शेवटची कधी घेतलीस?" ओरडले नाहीत, हे दादा अजून सांगतो. टर्कीत, म्हणजे गर्द बंद केल्यावरच्या त्रासात, नाक-डोळे गळतील, हाडं दुखतील, घाबरू नका, असं आईला समजावलं आणि येरवड्याला पाठवलं. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तेव्हा मनोरुग्णालयाच्या आवारात होतं. वडील म्हणाले, लोक काय म्हणतील. आई एकटी गेली.

तुमच्याकडे डॉक्टरांनी विचारलं का? लिहा.

सिस्टरताई:
ड्युटीवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या. २४ वर्षांचा मुलगा, बाईकचा अपघात, पायाचं ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या रात्री चादरीवरचे किडे वेचायला लागला. किडे कुठले! सलाईन उपटलं, मग फिट. रोजची दारू अचानक बंद झालेली. भरती करताना विचारलं होतं हो, पण आईसमोर. तो काय सांगणार? तेव्हापासून मी नातेवाइकांना चहाला पाठवते, मग विचारते. रोज पिणाऱ्याची घरच्या घरी एकदम बंद करू नका, जिवावर बेततं.

मोहफूल:
आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. डॉ. अभय आणि राणी बंग त्या चळवळीत होते. तरी मोहाची मिळतेच. पण पोरांचं खरं व्यसन खर्रा.

निळाई:
खर्रा म्हणजे मावाच ना?

मोहफूल:
तसंच. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा. शाळकरी पोरांच्या खिशात असते पुडी.

चैत्रपालवी:
पाऊलवाट, अंगावर काटा आला. आमच्याकडे उलटं झालं. भावाला झोप येईना म्हणून डॉक्टर तीन महिने गोळ्या लिहून देत होते. "पितोस का" एवढं एकदाही विचारलं नाही. दारू होतीच, गोळ्याही लागल्या. वहिनीची फार काळजी वाटते. कुकर झालाय, नंतर लिहिते.

घाटमाथा:
मी जनरल प्रॅक्टिस करतो. महिन्यातून एखादी आई येतेच, "चहात टाकायची पावडर द्या, त्याला कळू देऊ नका." मी देत नाही. दारू सोडवायचं औषध, डायसल्फिराम, पोटात असताना दारू घेतली तर बीपी कोसळतो. त्याला न सांगता देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. त्या माउलीला हे सांगताना मात्र मला दरवेळी जड जातं.

मनमोकळी:
पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा २१ चा. डॉक्टरकडे यायला तयार नाही. मी एकटीच गेले तर चालेल?

सिस्टरताई:
चालेल ताई. खूपदा आधी घरचेच येतात. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन पण करू शकता, पैसे लागत नाहीत.

पाऊलवाट:
नक्की जा. आई पहिल्यांदा गेली तेव्हा दादाही नव्हता बरोबर. तिसऱ्या खेपेला आला.