प्रतिसाद: मॉरिसचा ढोंगीपणा आणि निळे हात

वर एकांनी विचारलंय, की श्रीमंतांना महागडे वॉलपेपर विकणारा विल्यम मॉरिस (एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश नक्षीकार) समाजवादी कसला? प्रश्न रास्त आहे, पण तो त्यालाही छळत होताच. माझ्या मते त्याहून अडचणीची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या घरची सुबत्ता डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या तांब्याच्या खाणीच्या शेअर्समधून आलेली. ही खाण पुढे आर्सेनिक हे विषही काढू लागली, आणि त्याच्या सुरुवातीच्या वॉलपेपरच्या हिरव्या रंगातही आर्सेनिक होतं! १८७५ पर्यंत तो या कंपनीचा संचालक होता. आर्सेनिकची भीती त्याला पुढेही डॉक्टरांचं खूळ वाटली. इथे त्याची बाजू घेणं मला तरी जमत नाही.

पण माणूस नुसता कागदावर नक्षी काढणारा नव्हता. स्वस्त रासायनिक रंग आवडेनात म्हणून इंग्लंडमधल्या लीक गावी थॉमस वॉर्डलच्या कापड रंगवायच्या कारखान्यात (हाच वॉर्डल आपल्याकडच्या टसर रेशमाचा अभ्यासक) तो स्वतः पिंपांत हात घालून रंगकाम शिकला. हात कोपरापर्यंत निळे! १८८३चं 'स्ट्रॉबेरी थीफ' कापड त्यातूनच आलं: आधी सगळं कापड नीळीत बुडवायचं, मग नक्षीपुरता रंग उडवायचा, आणि त्या जागी लाल-पिवळा भरायचा. वेळखाऊ, म्हणून महाग. त्याच वर्षी तो समाजवादाकडे वळलेल्या डेमोक्रॅटिक फेडरेशन या संघटनेत गेला, हे मला योगायोग वाटत नाही; आपलं काम श्रीमंतांनाच परवडतं, ही टोचणी त्यामागे असावी.