मार्केटिंग शिकताय? वर्गाबाहेर काय शिकलात ते लिहा

सेकंडसेम

पुण्यात एमबीए करतेय, स्पेशलायझेशन मार्केटिंग. दुसरी सेमिस्टर संपली की आठ आठवड्यांची एसआयपी, म्हणजे उन्हाळी इंटर्नशिप असते. माझी सोमवारपासून सुरू होतेय, फरसाण-बिस्किटांच्या एका कंपनीत. मामा फोनवर म्हणाला, "सीईटी देऊन, एवढी फी भरून शेवटी दारोदार फिरणारच ना?" माझ्याकडे मार्केटिंगचे चार पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) होते, उत्तर नव्हतं.

म्हणून हा धागा. कमिट्या, निवडणुका, प्रोजेक्ट, इंटर्नशिप, जे आठवेल ते लिहा. आधी माझं सांगते.

यंदा फेस्टची स्पॉन्सरशिप माझ्या गळ्यात पडली. डेक्कनवरच्या एका चपलांच्या दुकानात प्रपोजल घेऊन गेले. चकचकीत फाईल, त्यात गोल्ड, सिल्व्हर, प्लॅटिनम सगळं. मालकांनी ती उघडलीच नाही. नोटा मोजता मोजता विचारलं, "पोरं किती येणार?"

"दोन हजार, काका."

"त्यातली हा जिना किती चढणार?" दुकान पहिल्या मजल्यावर. मी गप्प.

तोडगा त्यांनीच काढला. रोख काही नाही, पण शंभर रुपये सवलतीची तीनशे कुपनं ते छापणार. फेस्टआधी जितकी दुकानात परत येतील, त्या प्रत्येकामागे पन्नास रुपये आम्हाला. सव्वीस आली, म्हणजे तेराशे रुपये. कमिटीत माझी यथेच्छ टिंगल झाली. पण पुढच्या दुकानात मी फाईल नेली नाही, सव्वीस कुपनांचा हिशोब नेला. तिथे दहा हजार मिळाले.

गूळपोळी

शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर. माझा प्रोजेक्ट गुळावर होता. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा ग्राहकाला काही उपयोग होतो का, असा विषय. शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. 'थोडे पैसे जास्त पडले तरी रसायनविरहित गूळ घ्याल का?' बहुतेक सगळे हो.

मग कुणी न सांगता मी दोन शनिवार एका किराणा दुकानात गुळाच्या ढेपांशेजारी उभी राहिले. एक रंग उजळवलेला पिवळाधमक, एक रसायनविरहित चॉकलेटी. हात पिवळ्याकडेच. 'हो' लिहून दिलेल्या एक आजीही तिथे आल्या आणि पिवळाच घेऊन निघाल्या. मी अडवलं तर म्हणाल्या, "अगं, तो काळपट चहात घातला की दूध फाटतंय."

गुऱ्हाळावर काकांना विचारलं, भेंडीचं पाणी घालून मळी निघतेच, मग वर रंग उजळायला पावडर कशाला? ते म्हणाले, "व्यापारी सौद्यात रंग बघतोय. गुजरातला पिवळाच जातोय. जीभ कोण लावतंय?"

व्हायव्हाला एकच प्रश्न आला, सॅम्पल साईज शंभरच का. आजींबद्दल कुणी विचारलं नाही. मला मात्र कन्झ्युमर रिसर्चमध्ये जायचंय ते त्या आजींमुळेच.

खारीबिस्कीट

माझी एसआयपी क्रेडिट कार्ड विकण्यात गेली. ऑफर लेटरवर 'मार्केट रिसर्च' होतं. पहिल्या दिवशी हातात फॉर्मांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, नातेवाइकांपासून सुरुवात करा. स्टायपेंड कार्डांवर अवलंबून. आत्याच्या नावाने एक कार्ड निघालं, दुसऱ्या वर्षी तिला वार्षिक शुल्क लागलं, अजून ऐकवते. जॉइन होण्याआधी सीनियरला फोन करा, एवढंच.

मांडवीकाठ

गोवा विद्यापीठ. जीएसच्या (विद्यार्थ्यांच्या जनरल सेक्रेटरीच्या) निवडणुकीत हरलो. माझ्या जाहीरनाम्यात चौदा मुद्दे, समोरच्याचा एकच: हॉस्टेलचं वायफाय. पोझिशनिंगचा, म्हणजे लोकांच्या मनात एकच ठळक ओळख बसवण्याचा धडा मी त्याआधी दोनदा लिहून पास झालो होतो.

लाईनवाला

सेल्समध्ये चौदा वर्षं झाली, आता एरिया सेल्स मॅनेजर. थोडं कडू लिहितो. मुलाखतीला येणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कमिटीचा हेड असतो. मी विचारतो, "तुझ्या टीममधलं कोण काम सोडून गेलं आणि का?" निम्मे तिथेच अडखळतात. सगळे खूश होते म्हणणाऱ्याला मी घेत नाही.

आणि 'मला ब्रँड मॅनेजर व्हायचंय'. जरूर व्हा. पण त्या खुर्च्या मोजक्या, आणि थेट कॅम्पसवरून तिथे बसणारे मोजक्याच संस्थांतले. बाकीच्यांचा रस्ता लाईनवरून जातो. लाईन म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या सेल्समनबरोबर दिवसाला चाळीसेक दुकानं. दुकानदार मान वर न करता "काही नको" म्हणतो. आमचा जुना सेल्समन बोलतच नाही. आधी रॅकवरचा आपला माल पुढे ओढतो, धूळ पुसतो, आधीच्या तारखेची पाकिटं पुढे लावतो आणि मग विचारतो, "शेठ, पाचवाली संपलीय, एक पेटी टाकू?" ऑर्डर मिळते. सेकंडसेम, मामाला सांगा, दारोदारच, पण दार उघडायची पद्धत शिकायला.

लीड्सवाली

इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला, एक वर्षाचं एमएससी मार्केटिंग करतेय. टर्ममध्ये व्हिसावर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, त्यामुळे उरलेला वेळ मराठी मंडळींच्या गटाची खजिनदार म्हणून घालवते. फ्रेशर्सच्या जत्रेत बटाटेवड्यांचा स्टॉल लावला. पाटी लावली 'पोटॅटो फ्रिटर', तासाभरात सहा गेले. मैत्रिणीने त्याच पाटीवर खडूने मोठ्या अक्षरात 'व्हीगन' लिहिलं. वडा तोच, चटणी तीच. रांग लागली. आई म्हणाली, "म्हणजे आपण जन्मभर व्हीगनच खात होतो की!"

नोकरीचं अजून कशात काही नाही. इथले लोक सीव्हीतल्या 'लीडरशिप'ला भुलत नाहीत, आकडे मागतात. वड्यांचे आकडे टाकलेत.

सेकंडसेम

मामाला लाईनवाल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "धूळ पुसायला एमबीए?" म्हणाला, पण हसला. लाईनवाले, एकच प्रश्न: सोमवारी पायात काय घालू? ऑफिसवाले फॉर्मल म्हणतात.

लाईनवाला

काळे, जाड सोलचे, अर्धा नंबर मोठे. दुपारनंतर पाय सुजतात. त्या जिनेवाल्या काकांकडूनच घ्या, सत्ताविसावं कुपन समजून.