४८ राजधान्या, कॅपिटॉलसमोर प्रार्थना: मार्ग, परवानगी, काय सांभाळावं?

न्यूजर्सी_मराठी_मंडळी

सर्वांना सलाम. आम्ही दोघं नवरा-बायको एप्रिल-मेमध्ये आठ आठवडे गाडीने निघतोय. अमेरिकेतल्या अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांच्या कॅपिटॉलपाशी (राज्याच्या विधिमंडळाची इमारत) थांबायचं आणि बायबलमधल्या १ तीमथ्य २:१-२ प्रमाणे अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायची, शेवटी वॉशिंग्टन. दोघंही एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर आहोत. परवानगी काढावी लागते का? आत जाऊन प्रार्थना चालते का? आणि आठ आठवडे पुरतील का?

रस्ता_आणि_नकाशा

आधी दिवस मोजा. आठ आठवड्यांत कामाचे दिवस ४०, राजधान्या ४८. अनेक कॅपिटॉल शनिवारी, रविवारी किंवा दोन्ही दिवस बंद असतात, म्हणजे फक्त पायऱ्यांवर उभं राहता येतं. बेत फसतो तो इथेच. मैलांचा हिशोब सगळे करतात, वारांचा कुणी करत नाही. ऑस्टिनचं कॅपिटॉल शनिवार-रविवारीही उघडं असतं, ते शनिवारी टाका. ईशान्येला एका दिवसात दोन सहज होतात: प्रॉव्हिडन्स ते बोस्टन ५० मैल, बोस्टन ते काँकॉर्ड ७० च्या आत. डोव्हर आणि अ‍ॅनापोलिसही एकाच दिवशी. इथे वाचवलेले दिवस पश्चिमेला लागतील, कारण ऑस्टिन ते सांता फे जवळपास ७०० मैल आहे आणि फीनिक्स ते सॅक्रामेंटो त्याहूनही थोडं जास्त.

एकूण प्रवास बारा-तेरा हजार मैलांच्या आसपास धरा. गाडी गॅलनला ३० मैल देत असेल तर साधारण ४३० गॅलन पेट्रोल. निघताना ऑइल बदला आणि वाटेत निदान एकदा, जुनी गाडी असेल तर दोनदा.

न्यूजर्सीची राजधानी ट्रेंटनहून निघून आधी दक्षिण, मग टेक्सास, अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, आणि उत्तरेकडून परत, असं फिरा. उलट गेलात तर एप्रिलमध्येच वायोमिंगमध्ये सापडाल. तिथला आय-८० रस्ता लॅरमी ते रॉलिन्स दरम्यान वारा आणि बर्फामुळे अचानक बंद होतो, आणि जवळपास पर्यायी मोठा रस्ता नाही. सॅक्रामेंटो ते कार्सन सिटी अंतर १३० मैलच, पण मध्ये सिएरा पर्वतरांग आहे. एप्रिलमध्येही चाकांना साखळ्या लावायला सांगू शकतात. रोज सकाळी त्या राज्याची ५११ सेवा (रस्त्यांच्या स्थितीची माहिती) बघा. पिएर, जेफर्सन सिटी आणि डोव्हरला इंटरस्टेट (राज्यांना जोडणारा मोठा महामार्ग) जात नाही, तिथे वेळ जास्त धरा. (साऊथ डकोटाच्या राजधानीचा उच्चार तिथले लोक 'पीर' करतात.)

कायद्याचा_माणूस

दोघांनी बाहेर शांतपणे उभं राहून प्रार्थना करायला साधारणपणे परवानगी लागत नाही. परवाना लागतो तो मोठा गट, मंडप, लाउडस्पीकर यांना. आकड्याची मर्यादा राज्यागणिक वेगळी आहे, म्हणून स्थानिक मंडळी येऊन मिळणार असेल तर त्या कॅपिटॉलच्या कार्यालयाला आधी फोन करा.

हा हक्क कुणीतरी किंमत मोजून मिळवलेला आहे. १९६१ मध्ये कोलंबियातल्या साउथ कॅरोलायना स्टेट हाउससमोर १८७ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अटक झाली. ते एका बॅप्टिस्ट चर्चमधून चालत आले होते. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. कोलंबियात थांबाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

आतले नियम वेगळे. रोटुंडात (घुमटाखालच्या गोल दालनात) डोळे मिटून मनात प्रार्थना केली तर सहसा कुणी हटकत नाही. मोठ्याने बोलणं, गुडघे टेकून वाट अडवणं, गॅलरीत बसून हात वर करणं हे निदर्शन मानलं जाऊ शकतं. वॉशिंग्टनला तर कॅपिटॉलच्या आत निदर्शन करायला कायद्यानेच बंदी आहे. तिथे १९५५ पासून प्रार्थनेची खोली आहे, पण ती काँग्रेसच्या सदस्यांसाठी. सर्वोच्च न्यायालयासमोर फुटपाथवर उभे राहा, संगमरवरी चौकात नको: फुटपाथ १९८३ च्या निकालाने खुला आहे, चौकातल्या निदर्शनांवरची बंदी मात्र २०१५ मध्ये अपील न्यायालयाने कायम ठेवली.

एच-१बी असल्याने पासपोर्ट, आय-९४ (प्रवेशाची नोंद) ची प्रत आणि आय-७९७ (व्हिसा मंजुरीची सूचना) गाडीत नव्हे, अंगावर ठेवा. १८ वर्षांवरील परदेशी नागरिकाने नोंदणीचा कागद जवळ बाळगावा असा कायदा आहे, आणि टेक्सास-न्यू मेक्सिकोत सीमेपासून बऱ्याच आतल्या रस्त्यांवरही तपासणी नाकी असतात.

मध्यस्थी_गट

अभिषेकाचं तेल नेऊ नका, निदान दारांना आणि पायऱ्यांना लावायला तरी नको. ग्रॅनाइट आणि चुनखडी तेल शोषतात, डाग सहजी निघत नाही, आणि ते सरकारी मालमत्तेचं नुकसान ठरतं. जमिनीत वचन लिहिलेली खुंटी पुरणं हेही तसंच. झांजा गाडीतच राहू द्या. खिशातला छोटा चाकू सुरक्षा तपासणीत हमखास अडकतो, तोही.

नुसतं "हे प्रभू, या राज्याला आशीर्वाद दे" असं ४८ वेळा म्हटलं तर दहाव्या राजधानीपर्यंत शब्द कोरडे पडतात. आदल्या रात्री एक कार्ड तयार करा: राज्यपाल, दोन्ही पक्षांचे सभागृहनेते, मुख्य न्यायाधीश, आणि त्या आठवड्यात सभागृहापुढे असलेलं एखादं विधेयक. दोन्ही पक्षांची नावं असलीच पाहिजेत. प्रेषित पौलाने तीमथ्याला ते वचन लिहिलं तेव्हा गादीवर रोमन सम्राट होता, आपल्या मताचा राजा नव्हता. सफाई कामगार आणि दारावरचे शिपाई यांनाही विसरू नका, त्या इमारतीत रोज तेच असतात.

सभागृह चालू असेलच असं नाही. युटाचं ४५ दिवसांचं अधिवेशन मार्चमध्येच संपतं. टेक्सास, माँटाना, नेवाडा आणि नॉर्थ डकोटात नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षी. पेनसिल्व्हेनियाचं मात्र वर्षभर चालतं. मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी राष्ट्रीय प्रार्थना दिवस असतो आणि अनेक कॅपिटॉलसमोर सभा भरतात. गर्दी नको असेल तर तो दिवस लांबच्या ड्रायव्हिंगला ठेवा.

न्यूजर्सी_मराठी_मंडळी

मनापासून आभार. वारांचा हिशोब आम्ही खरंच केला नव्हता. गाणं तरी चालेल का, वाद्यांशिवाय, दोघांच्या आवाजात?

कायद्याचा_माणूस

बाहेर, लाउडस्पीकर न लावता, वाट न अडवता: चालेल. सुरक्षारक्षकाने थांबायला सांगितलं तर तिथे वाद घालू नका, पलीकडच्या सार्वजनिक फुटपाथवर जा आणि तिथून म्हणा.