पाऱ्याच्या बीपी मशीनला तारीख, चिमणीला सवड. हा कुठला न्याय?

उभामारुती_डॉक्टर
चौतीस वर्षं पाऱ्याच्या मशीनवर बीपी बघतोय. परवा नवं घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पाऱ्याचं आता येत नाही, डिजिटल न्या." कारण मिनामाता करार. पारा आवरण्यासाठी २०१३ मध्ये जपानात झाला, २०१७ पासून लागू आहे, भारतानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली.

हेतूबद्दल तक्रार नाही. पण संयुक्त राष्ट्रांचाच हिशेब बघा. २०१५ साली माणसानं हवेत सोडलेला पारा सुमारे २२२० टन. त्यात छोट्या सोनेखाणींचा वाटा ३८ टक्के, कोळसा जाळण्याचा २१ टक्के. तरी करारात कोळशाच्या जुन्या चिमण्यांना दहा वर्षांची सवड, किती पारा सोडायचा याचा एक बांधलेला आकडा नाही. तारीख लागली ती माझ्या टेबलावरच्या डब्याला! डिजिटलवर एकाच पेशंटचं तीनदा बघितलं, तीन आकडे आले.

तांबडा_पांढरा
बरोबर हाय. जपानातल्या पारा भिनलेल्या माशांचं आम्हा मटणवाल्यांना काय? उद्या पाऱ्याचं आयुर्वेदिक औषध रससिंदूर आणि पारद शिवलिंगपण बंद करतील.

राजारामपुरी_गल्ली
नाही करणार, भावा. पारंपरिक आणि धार्मिक वापराच्या वस्तू करारातल्या बंदीच्या यादीतून वगळल्यात. आधी वाच, मग पेटव.

डॉक्टरसाहेब, वापरावर बंदी नाहीच. बंदी आहे ती बनवण्यावर आणि आयात-निर्यातीवर. मुदत २०२० ची होती, देशांना ती वाढवून मागता येत होती. तुमचं जुनं मशीन कुणी उचलून नेणार नाही.

आणि चिमणी सुटली म्हणून नळीही सोडायची का? लहानपणी थर्मामीटर फुटला की आम्ही भावंडं ते गोळे फरशीवर पळवायचो, आई केरसुणीनं लोटायची. गिळलेला पारा अंगात फारसा भिनत नाही, पण त्याची वाफ श्वासातून गेली की बरीचशी रक्तात उतरते. केरसुणीनं गोळे आणखी बारीक होतात, वाफ वाढते. हे आम्हाला कुणी सांगितलं होतं?

तांबडा_पांढरा
बरं, वाचलं. पण मासे?

राजारामपुरी_गल्ली
जपानातल्या मिनामातात रसायनांच्या कारखान्याचं सांडपाणी खाडीत जायचं. त्यातला मिथाइल पारा माशांत साठला. आधी मांजरं झटके येऊन मेली, १९५६ मध्ये माणसांतला आजार अधिकृतपणे नोंदला गेला. आईला फारसा त्रास नाही आणि पोटातलं बाळ मात्र कायमचं अधू, असंही झालं. आता तुझा प्रश्न. चिमणीतून उडालेला पारा महिनोन्महिने हवेत फिरतो, कुठं पडेल सांगता येत नाही, पाण्यात पडला की गाळातले जीवाणू त्याचा तसलाच मिथाइल पारा करतात. एकट्या देशानं काय होणार? म्हणून करार.

गुजरीतला
तुम्ही सगळे डब्यावर आणि चिमणीवर भांडायलाय. ३८ टक्के सोन्याचे, त्यावर कुणीच बोलंना.

माझ्या लहानपणी गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, पहाटे झारेकरी यायचे. दुकानांपुढची माती आणि गटारातला गाळ गोळा करून पाटीत धुवायचे. खाली राहिलेल्या काळ्या रेतीत पारा घालून हातानं मळायचे. पारा सोन्याचे कण धरतो. मग फडक्यातून पिळायचं, उरलेला गोळा विस्तवावर ठेवायचा. पारा उडून जायचा, खाली एवढंसं पिवळं. ती वाफ घेत बाई शेजारीच भाकरी थापत असायची. एकाचे हात कापायचे, आम्ही पोरं त्याला दारुडा म्हणायचो. तो पीत नव्हता, हे पुढं कळलं. हात पाऱ्यानं कापत होते की आणखी कशानं, ते कुणी तपासलंच नाही.

करारातलं सातवं कलम आणि त्याला जोडलेलं परिशिष्ट उघडून बघा. वस्तीत असा गोळा जाळणं थांबवा, असं त्यात स्पष्ट आहे. पण ते कलम खाणीतल्या धातुकापासून काढलेल्या सोन्यापुरतं. गटारातल्या सोन्याला लागू नाही. डॉक्टरसाहेब, तुमच्या डब्याला निदान तारीख तरी मिळाली.

उभामारुती_डॉक्टर
हे मला माहीत नव्हतं. हात कापणारे पेशंट मीही बघितलेत. धंदा काय करता, हे मात्र प्रत्येकाला विचारलं नाही.

चिमणीबद्दलचं म्हणणं मागे घेत नाही. बाकी मशीन कपाटात ठेवलंय. नळी फुटली तर काय करायचं?

राजारामपुरी_गल्ली
खिडक्या उघडा, पंखा बंद. झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. जाड कागदानं गोळे ओढून थोडं पाणी घातलेल्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा. बेसिनमध्ये ओतू नका, पंचगंगेला जातं ते.

गुजरीतला
आणि बाटली कुणी विकत मागितली तर देऊ नका. मागणारे आहेत.