सनरूमचं रेडीमेड किट घ्यावं का?

ओटेवाला: मागच्या ओट्यावर सनरूमचं, म्हणजे ऊन आत येणाऱ्या पारदर्शक खोलीचं, किट बसवायचं डोक्यात आहे, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि वर पॉलिकार्बोनेटची (पारदर्शक कडक प्लास्टिकची) शीट, विकणारा म्हणतो दोघं जण सहज जोडाल, खरंच जमतं का?

पानापेचकस: जोडणं जमतं हो, ओटाच घात करतो. आधी लेव्हल बघा, मग चौकट मांडून दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे भरले नाहीत तर ती काटकोनात नाही आणि सरकता दरवाजा कायम अडकणार, मग कितीही तेल घाला.

गच्चीवरून: दिशा कुठली पण? पश्चिमेला असेल तर दुपारी नुसती भट्टी. छताला उघडणारी झडप नसलेलं किट मी तरी फुकटातही घेणार नाही.

ओटेवाला: पश्चिमच आहे 😐 आणि ओट्याला पाणी जायला उतार दिलाय

पानापेचकस: मग खालचा पाया आधी समतल करून घ्या. गळती बहुतेक भिंतीच्या जोडावरच होते, तिथे भिंतीत खाच मारून पत्र्याचं फ्लॅशिंग (जोडावरून पाणी बाहेर वळवणारी पट्टी) आत घाला, नुसतं सिलिकॉन फासलं की काही वर्षांत सुटतं. आणि शीटची यूव्ही कोटिंगवाली (उन्हापासून वाचवणारा थर असलेली) बाजू वरच हवी, उलटी बसली तर लवकर पिवळी पडून तडकते. परवानगी लागते का तेही विचारा बरं का, पक्कं बांधकाम नाही म्हणून सूट मिळेलच असं नाही.